शिडीमिस्त्रीची कंबर

गावातल्या निम्म्या घरांतले ओटे शिडीमिस्त्रीनं बांधलेले, आणि त्याची स्वतःची बायको मात्र जन्मभर जमिनीवर उकिडवी बसून चूल फुंकत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. 'यंदा बांधू', 'सुगी झाली की बांधू', 'शिंप्याचं काम उरकलं की पहिला तुझाच' असं म्हणता म्हणता मिस्त्रीच्या मिशा पांढऱ्या झाल्या. शेवटी वादळालाच तिची दया आली म्हणायची. उन्हाळा सरता सरता एका दुपारी असं वारं सुटलं की स्वयंपाकघरावरचे पत्रे उडून शेजारच्या शेतात जाऊन पडले, मागची मातीची भिंत बसली, आणि बसली ती थेट मिस्त्रीणबाईच्या पायावर.

हाड मोडलं. लेकीचं सासर मोठ्या गावात, तिथं हाडांचा डॉक्टर, म्हणून लेक येऊन आईला घेऊन गेली. घरात उरले तिघं: मिस्त्री, त्याचा मुलगा आणि सून. मिस्त्री ताडमाड उंच. दारातून आत येताना वाकायचा, पडवीत वाकायचा, आणि कुठं वाकायला विसरला की कपाळावर टेंगूळ घेऊन फिरायचा. शिडी हे नाव त्याला लहानपणीच चिकटलेलं. मुलगा उंचीत बापावर गेलेला, स्वभावानं मात्र 'हो बाबा, बरोबर बाबा' एवढंच पाठ केलेला. आणि सून बुटकी, गोल चेहऱ्याची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती चुलीपाशी कमी आणि वाळूच्या ढिगावर जास्त दिसायची. वाळू चाळणं, माल कालवणं, घमेली भरून देणं, सगळं तिला झकास जमायचं. सासऱ्याच्या हाताखाली तिच्याएवढं तयार माणूस गावात दुसरं नव्हतं. तिच्या जिभेलाही धार होती, पण सासऱ्यापुढं ती धार म्यानात.

सासू-सून म्हटलं की विळ्या-भोपळ्याचं नातं असं लोक धरूनच चालतात. या दोघींचं तसं नव्हतं. सासूबाई बोलायच्या कमी, हसायच्या जास्त, तेही तोंडावर हात धरून. संध्याकाळी चुलीपाशी दोघी बसल्या की आतून अशी खुसखुस ऐकू यायची की मिस्त्री बाहेरून ओरडायचा, "अगं, स्वयंपाक करताय की काय चाललंय?" आता अंगणात तीन विटांवर भांडं ठेवून सून एकटीच डाळ शिजवायची, आणि तिला अजिबात करमत नव्हतं.

अशात एका सकाळी नणंदेचा फोन आला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत.

"बाबा, आईला मी आता तिकडं धाडायची नाही," नणंद म्हणाली. तिचा आवाज असा खणखणीत की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी सगळ्या अंगणाला ऐकू जावं. "खूप केलं तिनं. आता खायचं, प्यायचं, पडून राहायचं. इथं टीव्ही आहे, पंखा आहे."

"ती काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? तिलाही तसंच वाटतंय."

"दे तिच्याकडं फोन."

"झोपलीय ती."

सुनेनं हातातलं फावडं खाली ठेवलं. सासूबाई आणि सकाळी झोपल्यात? ताप असला तरी ज्या बाईनं दिवसा पाठ टेकली नाही ती? पण मिस्त्रीच्या ते डोक्यातच आलं नाही. तो वाळूच्या ढिगाऱ्यावर मटकन बसला, आणि एवढा लांब माणूस बसल्या बसल्या एकदम लहान दिसायला लागला.

"बरोबरच आहे तिचं," तो म्हणाला. "काय सुख दिलं मी तिला? धूर दिला. गुडघ्याची दुखणी दिली. वर भिंत पाडली अंगावर."

"भिंत वाऱ्यानं पाडली, बाबा," मुलगा म्हणाला.

"भिंत माझी होती ना?" मिस्त्री उठला, धोतराची वाळू झटकली. "ओटा बांधतो. असा बांधतो की नुसतं ऐकूनच उठून येईल. नाही आली तर मिस्त्री नाव लावणार नाही."

त्या क्षणापासून घरात जी धांदल उडाली ती विचारू नका. पाऊस तोंडावर आलेला, वर छप्पर नाही, आणि मिस्त्रीच्या अंगात वारं संचारलेलं. उजाडायच्या आत तो पडकी माती उपसायला लागायचा. मुलगा विटा भिजवायचा. सून पाणी आणायची, तेही लांबच्या विहिरीवरून, कारण जवळच्या हौदाचा तळ दिसायला लागला होता. डोक्यावर घागर, हातात कळशी. मग माल, मग घमेलं, मग पुन्हा घागर. तिच्या हाताला सिमेंटनं चिरा पडल्या होत्या, त्यात घाम गेला की झोंबायचं. पण भिंत वर चढताना बघितली की तिला बरं वाटायचं. पडलेलं काहीतरी उभं राहत होतं.

आणि मिस्त्रीणबाई घरात नाही म्हटल्यावर तिच्या वतीनं बोलायला बापलेक दोघांनाही कंठ फुटला.

"खिडकी इथं नको," मिस्त्री म्हणाला. "वारं लागेल तिला. वर ठेवू, उजेडापुरती."

"आईला मोठी फळी आवडेल डब्यांना," मुलगा म्हणाला. "छताला लागून."

"छताला लागून ठेवली तर काढायची कुणी?" सुनेनं विचारलं.

"मी आहे की."

"तू दिवसभर घरात असतोस का?"

"बाबा आहेत की," मुलगा म्हणाला, आणि दोघं बापलेक समाधानानं एकमेकांकडं बघायला लागले. सुनेनं घमेलं जरा जोरातच आपटलं.

"आईंना विचारलं तर?" ती म्हणाली.

"तिला काय विचारायचं?" मिस्त्रीला खरंच नवल वाटलं. "इतकी वर्षं संसार केलाय, सूनबाई. तिच्या मनात काय आहे ते तिच्याआधी मला कळतं."

मग ओट्याचा दिवस उजाडला. मिस्त्रीची ओट्याची एक रीत होती, गावभर ठाऊक असलेली. तो टेप लावायचा नाही, गज लावायचा नाही. भिंतीला पोट लावून ताठ उभा राहायचा, थापीचं टोक कमरेच्या हाडापाशी आणायचा आणि भिंतीवर सर्रकन रेघ ओढायचा. "माझी कंबर म्हणजे सरकारी माप," असं म्हणून हसायचा. आजही तसाच उभा राहिला, तशीच रेघ ओढली, तसाच हसला. आणि दुपारपर्यंत विटा चढवून, वर काळी फरशी बसवून, ओल्या फडक्यानं पुसून बाजूला सरला. फरशी अशी चकाकत होती की तोंड बघून घ्यावं.

सून पुढं झाली. फरशी तिच्या छातीला लागली. तिनं हात वर ठेवले तर खांदे कानाला भिडले. शाळेत बाकावरून डोकावणाऱ्या पहिलीच्या पोरीसारखी ती उभी राहिली. आणि सासूबाई तर तिच्याहूनही वीतभर कमी.

"बाबा," ती म्हणाली, "उंच झालाय."

"काय?"

"ओटा. उंच झालाय. आईंचा हात पोचायचा नाही. माझ्या कोपराखाली हवा होता."

मिस्त्रीनं आधी मुलाकडं पाहिलं, मग ओट्याकडं, आणि मग तो अगदी मायेनं हसला. तेच सुनेला जास्त लागलं. ओरडला असता तर परवडलं असतं.

"सूनबाई, ओटे बांधून केस पिकले माझे. एका बाईची तक्रार नाही आजवर. एकीची तरी आली का रे?"

"नाही बाबा," मुलगा म्हणाला आणि बायकोकडं वळला. "पायाखाली पाट घे की! सगळ्या घेतातच."

तो सहज बोलून गेला आणि पत्रे बघायला निघूनही गेला. सून मात्र तिथंच उभी राहिली. खरंच की. सगळ्या घेतातच. ती ज्या ज्या घरात गेली होती, तिथं ओट्याखाली काही ना काही होतंच. बायकांना त्याची इतकी सवय की त्या बोलत नव्हत्या, पुरुषांना ते दिसत नव्हतं, आणि मिस्त्रीला... मिस्त्रीला कोण दाखवणार? ओटा झाला की घरधनी त्याला बाहेर ओसरीवर बसवून चहा पाजायचा. बाई आत ओट्यापाशी चहा करत असायची. ती कशावर उभी राहून करते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री वस्तीत फेरी मारायला निघाला. वादळानंतर कुणाच्या भिंतीला चीर गेली, कुणाची फरशी हलली ते बघायचं होतं. सून घमेल्यात थोडा माल घेऊन मागोमाग निघाली.

"तू कशाला? घरी काम आहे."

"तुम्ही चिरा बघाल, मी भरीन. दोघांचं काम आहे," ती म्हणाली, आणि मनात म्हणाली, आज काय व्हायचं ते होऊ दे.

पहिलं घर शिंप्याचं. "या मिस्त्री, बसा बाहेर," शिंपी म्हणाला.

"बाहेर कशाला?" सून म्हणाली. "ओट्यालाच चीर असली तर? बाबा, आत चला. आणि वहिनी, चहा टाका ना जरा. बाबांनी सकाळपासून घेतला नाही."

हे साफ खोटं होतं, बाबांनी दोनदा घेतला होता. पण शिंपीण लगबगीनं ओट्यापाशी गेली, पायानंच एक लाकडी खोकं पुढं ओढलं, त्यावर चढली आणि शेगडी पेटवली. मिस्त्री भिंत बघत होता. त्यानं खोकं पाहिलं, पण पाहिलं न पाहिलं असं.

दुसरं घर पिठाच्या गिरणीवालीचं. बाई अंगानं भरलेली, हातपाय पांढरेफटक. चहा म्हटल्यावर ती दोन विटांवर एक एक पाय देऊन उभी राहिली आणि डबा काढताना अशी डोलली की मिस्त्रीनं घाबरून हात पुढं केला.

"अहो ताई, पडाल! या विटा कशाला?"

"तुमच्याच आहेत हो मिस्त्री, कामातून उरलेल्या," गिरणीवाली हसत म्हणाली. "बऱ्या कामाला आल्या."

मिस्त्री हसला नाही. त्यानं चहा घेतला, पण बशी हातातच राहिली. तिसरं घर शाळेतल्या बाईंचं. तिथं चहा सांगायचीही गरज पडली नाही. बाई भाजी चिरत होत्या, आणि पायाखाली शाळेतल्या जुन्या फळ्याचा तुकडा, खाली दोन्हीकडं दगड लावून पक्का केलेला. मिस्त्री दारातच थांबला. मग त्यानं एक गोष्ट केली जी सुनेनं त्याला कधी करताना पाहिलं नव्हतं. तो गुडघ्यावर बसला आणि ओट्याखाली वाकून बघत राहिला. जमिनीवर त्या दगडांनी घासून घासून खड्डे पाडले होते.

"कधीपासून आहे हे?" त्यानं विचारलं.

"ओटा झाल्यापासून," बाई जरा ओशाळून म्हणाल्या. "पण ओटा छानच आहे हं मिस्त्री. उगाच काही मनाला लावून घेऊ नका."

चौथं घर म्हाताऱ्या सुईणीचं. गावातली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, मिस्त्रीसुद्धा. त्यामुळं ती कुणालाच भीत नसे. ती ओट्यापाशी नव्हतीच. ओट्यावर तिनं गाद्या-गोधड्या रचून ठेवल्या होत्या आणि शेगडी खाली जमिनीवर.

"म्हातारे," मिस्त्री कसनुसा म्हणाला, "ओटा वापरत नाहीस?"

"वापरते की. गोधड्यांना उंदीर लागत नाहीत." तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझ्या कंबरेपायी माझी कंबर गेली रे शिड्या! उंटावर बसून शेळ्या हाकल्यास जन्मभर."

"मग बोलली का नाहीस? एक जण बोललं नाही!"

"ओटा झाल्यावर तुझं तोंड कसं दिसतं ते तू बघितलंयस कधी? पहिलं पोर झाल्यासारखं. त्यावर पाणी कोण ओतणार? आणि मेल्या, बोलायला तू विचारलंस कुठं? घरधन्याला विचारायचास वाळू किती आणि विटा किती. आम्ही होतो का तिथं?"

सुनेला वाटलं होतं आपल्याला मजा येईल. आली नाही. मिस्त्रीच्या मानेवरची शीर हलत होती, आणि त्या नादात तो दारातून जाताना वाकायचं विसरला. धाडकन लागलं. सुईण आतून खो खो हसली, म्हणाली, "तो दरवाजा बघ, कुणा बुटक्यानं त्याच्या मापानं केलाय!" आणि मग सुनेलाही हसू आवरेना. कपाळ चोळत चोळत मिस्त्रीही हसला, पण डोळ्यांत पाणी होतं. लागलं म्हणून असेल, नाहीतर नसेल.

घरी आल्यावर त्यानं हातोडा घेतला आणि ओटा पाडायला सुरुवात केली.

"बाबा! अहो, काल झालाय!" मुलगा धावत आला. "फरशी तरी वाचवा!"

"फरशीच वाचवतोय. तू तिकडून धर." मग हातोडा थांबवून तो सुनेकडं वळला. "काय म्हणाली होतीस? तुझ्या कोपराखाली ना?"

सुनेला असा आनंद झाला की काय सांगावं. "हो बाबा. इथं. आईंना अगदी बरोबर बसेल. मला माहीत आहे ना त्यांचं."

मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला. "मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "चल, तिलाच विचारून येऊ. तू सोबत चल. तू असलीस म्हणजे मी लेकीशी भांडणार नाही."

दुधाच्या टेम्पोत पुढं बसून दोघं मोठ्या गावाला गेले. मिस्त्रीचे गुडघे डॅशबोर्डला लागलेले, सून मध्ये चेपलेली, आणि रस्ताभर मिस्त्री मनातल्या मनात काहीतरी घोकत होता. लग्न ठरवायला निघाल्यासारखा त्यानं धुतलेला सदरा घातला होता.

लेकीचं घर खरंच छान होतं. पंखा होता, टीव्ही होता. पंख्याखाली, टीव्हीसमोर, पाय उशीवर ठेवून, कानाला रुमाल बांधून सासूबाई बसल्या होत्या. टीव्हीवर कुणीतरी कुणालातरी ओरडत होतं. सुनेला बघून त्यांनी तोंडावर हात धरला, आणि सून त्यांच्या कुशीत शिरली.

"काय गं, कशी आहेस?" मिस्त्रीनं बायकोला विचारलं.

"बरी आहे ती," नणंद म्हणाली. "भूकही लागते आता."

"झोप लागते का?"

"लागते की. गादी किती मऊ आहे."

"हा रुमाल कशाला?"

"आईला वारं सोसत नाही."

"पंखा तूच लावलास ना?" सून हळूच म्हणाली. नणंदेनं तिच्याकडं असं पाहिलं की बास. तेवढ्यात चहा आला. सगळ्यांना कप, आणि सासूबाईंना दूध. "आईला चहा चालत नाही," नणंदेनं जाहीर केलं. सासूबाईंनी दुधाकडं पाहिलं आणि मुकाट पेला उचलला. आता लेक काही वाईट नव्हती हं. आईसाठी ती रोज पहाटे उठून पाणी तापवत होती, तेल लावत होती, डॉक्टरकडं खेटे घालत होती. जीव टाकत होती पोरगी. फक्त आईच्या वाटचं बोलणंही तीच बोलत होती.

"पोरी," मिस्त्री म्हणाला, "टीव्ही बंद कर. आणि जरा वेळ तू गप्प बस, मीही गप्प बसतो. हिला बोलू दे." मग तो बायकोच्या समोर जमिनीवर बसला, म्हणजे दोघांचे डोळे एका रेषेत आले. घसा खाकरला, उंच झालेला ओटा, वर ठेवलेली उजेडापुरती खिडकी, सगळं सांगून टाकलं. "तुला काय हवंय?"

सासूबाई गोंधळल्या. आधी लेकीकडं बघितलं, मग सुनेकडं. "तुम्ही म्हणाल तसं," त्या म्हणाल्या.

"नाही. मी म्हणालो तसंच झालं आजवर. गावभर मी म्हणालो तसं झालं आणि गावभर बाया विटांवर उभ्या आहेत. तू सांग."

सुनेला राहवेना, तिनं तोंड उघडलं, "आईंना ना, माझ्या कोपरा..." आणि मिस्त्रीनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. ती जीभ चावून गप्प झाली. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मग त्यांनी कानाचा रुमाल सोडला आणि बाजूला ठेवला.

"मला चहा हवाय," त्या म्हणाल्या. "साखर घालून."

नणंद उठली, बसली, पुन्हा उठली. "आई, अगं सांगायचंस ना!"

"तू हौसेनं दूध आणत होतीस, बाई." सासूबाई हसल्या, आणि एकदा दार उघडल्यावर मग एक एक गोष्ट बाहेर यायला लागली. "प्लास्टर निघेपर्यंत मी इथंच राहीन. डॉक्टर जवळ आहे, आणि ही करतेय प्रेमानं, तिलाही करू द्या. मग मी घरी येणार. कायमची इथं राहायची नाही मी. कोण म्हणालं मी राहणार?" नणंद खाली बघायला लागली. "आणि ओटा मी आल्यावर बांधा. छप्पर घाला आधी, पाऊस यायला लागलाय, पण ओट्याला हात लावू नका. मी उभी राहून काही करायची नाही."

"म्हणजे?" मिस्त्री आणि सून एकदम म्हणाले.

"या पायावर उभं राहवतंय का आता? बसून करणार. खुर्चीवर. खुर्चीवर बसून पीठ मळता येईल एवढा हवा मला. आणि खिडकी तुमच्या त्या उजेडापुरतीची नको. पुढ्यात हवी. रस्त्यावर. जन्मभर भिंतीकडं तोंड करून बसले, आता मला माणसं बघायची आहेत येणारी-जाणारी."

सुनेचं तोंड उघडंच राहिलं. खुर्ची! तिच्या स्वप्नातसुद्धा खुर्ची आली नव्हती. सासूबाईचं मन आपल्याला तळहातासारखं पाठ आहे असं तिला वाटत होतं, तेही निघालं तसलंच. सासरा कमरेनं मोजत होता आणि ती कोपरानं, एवढाच काय तो फरक. तिला स्वतःचंच हसू आलं.

"वारं लागेल गं तुला खिडकीत," मिस्त्री सवयीनं म्हणाला.

"लागू दे."

येताना टेम्पोत मिस्त्री गात होता. त्याला गाता येत नव्हतं, पण टेम्पोवाला काही बोलला नाही.

उरलेला ओटा उतरवला, छप्पर चढलं, पाऊस येऊन थोडा ओसरलाही, आणि मग एका सकाळी सासूबाई काठी टेकत, कधी लेकीचा, कधी सुनेचा हात धरत घरी आल्या. ही बातमी गावात आधीच फुटली होती. मिस्त्री बायकोला विचारून ओटा बांधणार! बघायला बायका अशा लोटल्या की मुलाला आत यायला जागा उरली नाही. शिंपीण होती, गिरणीवाली होती, शाळेतल्या बाई रजा टाकून आल्या होत्या, आणि सुईण सगळ्यांच्या पुढं पाटावर ठाण मांडून बसली होती. नव्या मोठ्या खिडकीतून रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावर उभं राहून आत बघणारी माणसंही.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. मिस्त्रीनं आधी तिच्या गुडघ्यापर्यंत विटा चढवल्या आणि मग वर एक थर लावला.

"एवढा?"

"अजून."

दुसरा थर. "एवढा?"

"अजून एक. घाई का करताय?"

बायका खिदळत होत्या. सून माल पुढं सरकवत होती आणि तिच्या गालावरचं हसू जागचं हलत नव्हतं. आणखी एक थर झाल्यावर सासूबाईंनी हवेतच पीठ मळून बघितलं, लाटून बघितलं, हात लांब करून डबा घेतल्यासारखं केलं. "अर्धी वीट काढा," त्या म्हणाल्या. मिस्त्रीनं निमूट थर काढला आणि वीट फोडून लावली. जन्मभर गरीब गाईसारखी वागलेली बाई आज नवऱ्याला नाचवत होती आणि नवरा खुशीनं नाचत होता.

"झालं!" सासूबाई म्हणाल्या. "आता असाच नेऊन टाका भिंतीच्या टोकापर्यंत."

"आणि सूनबाईचं?" मिस्त्रीनं विचारलं.

"तिला चालेल हाच. तीही बसेल खुर्चीवर. नाही का गं?"

मिस्त्रीची थापी हवेतच थांबली. त्यानं बायकोकडं पाहिलं, आणि बायकोनं जीभ चावून तोंडावर हात धरला. "अगंबाई! बघा, मीही लागले का तेच करायला?" अशी काही हसली सगळी खोली की वरचे पत्रे दणाणले.

"सूनबाई," मिस्त्री म्हणाला, "तुझा केवढा हवा?"

सून घमेलं घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. इतके दिवस सगळ्यांना सांगत होती, आईंना विचारा, आईंना विचारा. आपल्याला कुणी विचारेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. माहेरी बाबा सांगायचे, इथं आल्यावर हे सगळे. तिनं डोकं खाजवलं. काही म्हणजे काही सुचेना, आणि उगाचच डोळे भरून आले.

"तिच्या कोपराखाली घ्या," मुलगा म्हणाला.

"छे, त्याहून चार बोटं वर," शिंपीण म्हणाली. "वाकायला नको पोरीला."

"अहो, पुढं पोरंबाळं होतील, त्यांचे हात पोचतील, उंचच बरा," गिरणीवाली म्हणाली.

"गप्प बसा गं सगळ्या!" सुईण ओरडली. "तिचं तोंड तिच्यापाशी आहे."

सुनेनं घमेलं खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि कोऱ्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. हात पुढं केले. थोडे खाली घेतले. मग तिनं शेगडी पेटवली, म्हणजे हवेतच, भांडं ठेवलं, उतरवलं, सासूबाईकडं वळून बघितलं. एकदा बाजूला सरकली. पुन्हा पहिल्या जागी आली.

"इथं," ती म्हणाली. "नाही, थांबा. जरा वर. थांबा हं."

मालाला पापुद्रा धरायला लागला होता. मुलानं चुळबुळ केली, "बाबा, माल चाललाय." मिस्त्री पालथ्या बादलीवर बसला, त्यानं मालावर पाण्याचा एक हबका मारला आणि थापी मांडीवर आडवी ठेवली.

"जाऊ दे. दुसरा कालवू," तो म्हणाला. "तू सावकाश बघ, सूनबाई."